हातचा मासा सोडण्याची विद्या

उत्तर अमेरिकेंतील एखाद्या सरोवरावर, ऑक्टोबर महिन्यांतल्या थंडगार सकाळीं, एक गृहस्थ पहांटेपासून होडींत उभा आहे. शेंकडों वेळां त्यानें आमिष पाण्यांत फेकलें आहे आणि शेंकडों वेळां तें तसेंच परत ओढून घेतलें आहे. त्याचे खांदे भरून आले आहेत, बोटें बधिर झालीं आहेत. कालचा दिवस असाच गेला, परवांचाहि असाच. इतक्यांत दोरीला प्रचंड हिसका बसतो, पाणी खळबळतें, आणि दोन-तीन मिनिटांच्या झटापटीनंतर चार फूट लांबीचा एक मासा त्याच्या जाळ्यांत येतो. गृहस्थ त्याच्या तोंडांतला गळ काढतो, त्याची लांबी मोजतो, एक छायाचित्र घेतो आणि त्याला पाण्यांत सोडून देतो. शेपटीचा एक फटकारा मारून मासा खोल काळोखांत नाहींसा होतो, आणि आपला गृहस्थ रिकाम्या हातानें, पण मोठ्या आनंदानें, घरचा रस्ता धरतो.

हें ऐकून पुष्कळ श्रोत्यांच्या मनांत एकच प्रश्न उभा राहील : सोडूनच द्यावयाचा होता, तर पकडला कशाला? प्रश्न रास्त आहे. जो मासे खातो त्यालाहि तो पडतो, आणि जो खात नाहीं त्याला तर अधिकच पडतो. या प्रश्नाचें उत्तर शोधण्याचा आज आपण प्रयत्न करूं. पण त्यासाठीं प्रथम त्या माशाची, मग त्याच्यासाठीं भरणाऱ्या स्पर्धांची आणि शेवटीं त्याला सोडून देण्याच्या विद्येची ओळख करून घ्यावी लागेल. 'विद्या' हा शब्द मी जाणूनबुजून वापरीत आहें. मासा पकडणें कठीण, हें सर्वांना ठाऊक असतें. तो पुढें जगेल अशा रीतीनें सोडणें हेंहि कठीण आहे, हें कळावयास मात्र या हौशी मंडळींना कित्येक वर्षें लागलीं.

या माशाचें नांव मस्केलंज. लाडकें नांव मस्की. सेंट लॉरेन्स नदी, अमेरिका व कॅनडा यांच्या सीमेवरील महासरोवरें, मिसिसिपी नदीचें उगमाकडील खोरें आणि ओहायो नदीचें खोरें, ही त्याची जन्मभूमि. नांव आलें आहे तें त्या प्रदेशाच्या मूळच्या रहिवाशांपैकीं ओजिब्वे लोकांच्या भाषेंतून. त्याच कुळांत पाइक नांवाचा लांबट तोंडाचा दुसरा एक मासा आहे. त्याच्याहून थोराड किंवा त्याच्याहून कुरूप, असा कांहींसा मूळ शब्दाचा अर्थ सांगतात. मस्कीचें शरीर बाणासारखें लांब व निमुळतें, जबडा बदकाच्या चोंचीसारखा चपटा, आणि त्यांत सुयांसारख्या तीक्ष्ण दांतांच्या रांगा. पाणवनस्पतींच्या आड तो निश्चल उभा राहतो आणि दुसरा मासा, बेडूक, प्रसंगीं बदकाचें पिलूं टप्प्यांत आलें कीं क्षणांत झडप घालतो. गळाला लागण्याच्या बाबतींत मात्र तो इतका चोखंदळ, कीं दहा हजार वेळां आमिष फेकावें तेव्हां एकदां लागणारा मासा, अशीच त्याची ख्याति आहे.

ही दुर्मिळता केवळ त्याच्या स्वभावांत नाहीं. ज्या रानांत हरणें शेंकडों असतात, त्या रानांत वाघ दोन-चारच असावयाचे. सरोवरांत मस्कीचें स्थान वाघाचें आहे. एकरभर पाण्यामागें एखादा मोठा मस्की असला, तरी तें पाणी संपन्न समजतात. मादी वसंत ऋतूंत उथळ पाण्यांत अंडीं टाकते. एका मोठ्या मादीचीं अंडीं लाखाच्या घरांत जातात, पण आईबाप त्यांची राखण करीत नाहींत आणि बहुतेक अंडीं व पिलें नाश पावतात. जी पिलें वांचतात, त्यांतील मादीला स्वतः अंडीं घालण्याजोगें होण्यास सहसा पांच-सहा वर्षें लागतात. पन्नास इंच लांबी गांठावयास बारा-पंधरा वर्षें तरी जातात, आणि कांहीं माद्या तीस वर्षांपर्यंत जगतात. फार मोठा मस्की म्हणजे बहुधा मादीच. तेव्हां एका सरोवरांतून असे दहा-वीस मोठे मासे एका हंगामांत काढून नेले, तर तेथील वंशाचा पायाच ढांसळतो. वीस वर्षांचें आंब्याचें झाड तोडावयास एक सकाळ पुरते. तें पुन्हा उभें राहावयास वीस वर्षेंच लागतात.

आतां जुनी रीत पाहूं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत मस्की पकडला म्हणजे मारावयाचा, हें ठरलेलेंच होतें. कित्येक जण तर त्याला होडींत घेण्यापूर्वींच त्याच्या डोक्यांत सोटा हाणीत किंवा पिस्तुलाची गोळी झाडीत, कारण असल्या दांतांचा जिवंत मासा पायांशीं तडफडत असावा असें कोणाला वाटेल? मग तो गांवांतल्या तराजूला टांगावयाचा, चार प्रतिष्ठितांच्या सह्या घ्यावयाच्या, छायाचित्र काढावयाचें आणि पेंढा भरून तो भिंतीवर लावावयाचा. विस्कॉन्सिन राज्यांतील हेवर्ड हें गांव म्हणजे या मृगयेचें जणूं तीर्थक्षेत्र. १९४९ या एकाच वर्षीं त्या गांवाच्या परिसरांत दोन विक्रम नोंदले गेले : जुलै महिन्यांत ६७ पौंड ८ औंसांचा मासा आणि ऑक्टोबरमध्यें ६९ पौंड ११ औंसांचा. जगांतील सर्वांत मोठा मस्की कोणता, याविषयीं आजहि एक संस्था पहिल्याचें नांव घेते आणि दुसरी दुसऱ्याचें.

पुढें १९५७ सालीं सेंट लॉरेन्स नदींतून ६९ पौंड १५ औंसांचा मासा काढल्याचें जाहीर झालें आणि चार औंसांनीं तो सर्वांच्या पुढें गेला. पस्तीस वर्षें तो विक्रम टिकला. मग जुन्या छायाचित्रांची कसून तपासणी झाली, सांगितलेला आकार त्यांच्याशीं जुळेना, आणि १९९२ सालीं तो विक्रम रद्द झाला. १९४९ च्या ऑक्टोबरांतील माशावरहि २००५ सालीं अशीच हरकत घेण्यांत आली. ती पुढल्या वर्षीं फेटाळली गेली, पण वाद मिटला नाहीं.

हा इतिहास उगाळण्याचें कारण असें. मासा सोडून देण्याच्या रीतीवर सर्वांत जुना आक्षेप पुराव्याचा आहे. मासा आणून दाखविला नाहीं, तर तो पकडला हें खरें कशावरून? त्याला उत्तर या विक्रमांनींच दिलें आहे. मासा आणून दाखविला होता. तराजू होता, सह्या होत्या, साक्षीदार होते. तरी पन्नास वर्षांनंतर वाद चालूंच राहिला. मेलेल्या माशानें सत्याची हमी दिली नाहीं. हमी होती ती माणसाच्या शब्दाची, आणि ती जेथें कमी पडली तेथें तराजूहि कमी पडला.

मनोवृत्ति पालटली ती हळूहळू. १९६६ सालीं मिनेसोटा राज्यांत गिल हॅम या गृहस्थानें 'मस्कीज इन्कॉर्पोरेटेड' नांवाचें एक मंडळ स्थापिलें. पकडलेला मासा पाण्यांत परत सोडावा, हा विचार या मंडळानें शौकिनांत रुजविला. आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट केली, जिचें महत्त्व मला त्याहूनहि मोठें वाटतें. सभासदानें आपल्या माशाची लांबी, स्थळ व दिवस मंडळाला कळवावयाचा आणि मंडळानें तो नोंदून ठेवावयाचा. भिंतीवरच्या माशाची जागा अशा रीतीनें वहींतल्या एका ओळीनें घेतली.

शास्त्रज्ञांचेंहि साहाय्य झालें. माशाच्या कल्ल्यांच्या मागें, खांद्यापाशीं, एक चपटें हाड असतें. झाडाच्या खोडाप्रमाणें त्यावर वर्षावर्षाच्या वाढीच्या खुणा उमटतात. टोरांटो येथील राजकीय वस्तुसंग्रहालयांतील क्रॉसमन आणि त्यांचे सहकारी कॅसलमन यांनीं पेंढा भरण्यासाठीं आलेल्या मोठमोठ्या मस्कींचीं हीं हाडें गोळा केलीं व त्यांवरून त्यांचें वय आणि वाढ ताडून पाहिली. जुन्या कायद्याप्रमाणें ज्या लांबीचा मासा मारण्यास मुभा होती, त्या लांबीला मादीची वाढ पुष्कळ ठिकाणीं पुरी झालेलीच नसे. मेलेल्या माशांनीं दिलेली ही साक्ष जिवंत माशांच्या उपयोगी पडली आणि ठिकठिकाणीं कायद्याची मर्यादा वर चढत गेली. मिनेसोटांत २०१५ सालापासून ती ५४ इंचांची झाली. ५४ इंच म्हणजे साडेचार फूट; म्हणजेच जवळजवळ प्रत्येक मासा परत सोडावाच लागतो.

येथें स्पर्धांचा प्रश्न उपस्थित होतो. एकटा मनुष्य आपल्या मनाप्रमाणें वागेल. परंतु शंभर नावा, रोख बक्षिसें आणि घड्याळाचा कांटा एकत्र आले, म्हणजे मनुष्याच्या सद्‌बुद्धीवर ताण पडतो. म्हणून स्पर्धेचे नियम असे बांधावे लागतात, कीं माशाला इजा करणाऱ्याचा त्यांत कांहींच लाभ होऊं नये. सगळें मर्म या एका वाक्यांत आहे.

पहिला नियम असा, कीं वजन करावयाचें नाहीं, लांबी मोजावयाची. वजनासाठीं मासा टांगावा लागतो, आणि टांगलेल्या माशाच्या अंतरंगाचा सारा भार त्याच्या जबड्यावर व मणक्यावर पडतो. पाण्यांत तरंगणाऱ्या प्राण्याचें शरीर असा भार सोसण्यासाठीं घडलेलेंच नसतें. दुसरा नियम असा, कीं मासा पंचाकडे नेऊं नये, पंचानें माशाकडे जावें. मासा लागला कीं नावेवरून खूण करावयाची. पंचांची नाव जवळ येईपर्यंत मासा जाळ्यांत, पण पाण्यांतच ठेवावयाचा. पंचानें त्याला फळीवर मोजून लगेच सोडवावयाचें. पंचांच्या नावा अपुऱ्या असतील, तेथें मोजपट्टीच्या फळीवरचें छायाचित्र ग्राह्य धरतात, आणि त्या चित्रांत त्या दिवशीं सकाळींच वांटलेला क्रमांकाचा बिल्ला दिसलाच पाहिजे अशी अट घालतात, म्हणजे कालचा मासा आज कोणाला खपवितां येत नाहीं. एका नावेंत दोघे, आणि एकाचा साक्षीदार दुसरा. जो मासा स्वतःच्या बळानें पोहून गेला नाहीं, त्याचे गुण द्यावयाचे नाहींत. हा नियम लागू झाला, म्हणजे जो तो माशाच्या प्राणाची काळजी स्वतःच्या बक्षिसाइतकीच वाहूं लागतो.

नावा पाण्यांत उतरण्यापूर्वीं त्यांतील साहित्य तपासावें लागतें. मोठें, गांठी नसलेलें, रबराचा लेप दिलेलें जाळें. लांब दांड्याची पक्कड. गळाचें पोलाद तोडणारी भक्कम कातर. यांतील एकहि वस्तु नसेल, तर ती नाव कांठावरच राहते. बाहेरगांवच्या नावा धुऊन, तळाचें पाणी काढून, कोरड्या करून आणल्या आहेत कीं नाहींत, हेंहि पाहावें लागतें. कारण एका सरोवराचा रोग दुसऱ्या सरोवरांत जावयास बादलीभर पाणी पुरतें. २००५ सालापासून पुढील दोन-तीन वर्षांत सेंट लॉरेन्स नदीच्या वरच्या भागांत एका विषाणूच्या सांथीनें शेंकडों मोठे मस्की मरून कांठाला लागले. ज्या माशांना शौकिनांनीं वर्षानुवर्षें जपून सोडलें होतें, त्यांतलेच ते होते. सोडून देणें पुरेसें नाहीं, पाणीहि निरोगी राखलें पाहिजे, हा धडा तेव्हां सर्वांना मिळाला.

परंतु आयोजकाची खरी कसोटी लागते ती उन्हाळ्यांत. पाणी तापलें म्हणजे त्यांत विरघळलेला प्राणवायु कमी होतो, आणि त्याच वेळीं माशाच्या शरीराला तो अधिक लागतो. गळाशीं झुंजून थकलेल्या माशाच्या स्नायूंत आम्ल सांचतें. थंड पाण्यांत तें कांहीं तासांनीं ओसरतें, ऊन पाण्यांत पुष्कळदां मासाच ओसरतो. म्हणून पाण्याची उष्णता सुमारें ८० अंश फॅरनहाइटवर गेली, म्हणजे गळ टाकावयाचाच नाहीं, असें जाणते लोक मानतात. आतां कल्पना करा. स्पर्धेची तारीख सहा महिन्यांपूर्वीं ठरलेली, प्रवेशशुल्क गोळा झालेलें, खानावळी व उतारू-गृहें भरलेलीं, दूरदूरच्या नावा कांठावर येऊन उभ्या राहिलेल्या. आणि पहांटे पाण्यांत बुडविलेला उष्णतामापक ८१ अंश दाखवीत आहे. अशा वेळीं 'आज स्पर्धा नाहीं' हे शब्द उच्चारावयास छातीच लागते. ज्याला ती छाती आहे असा मनुष्यहि शंभर निराश चेहऱ्यांपुढें क्षणभर डगमगेल. म्हणून शहाणे आयोजक हा निर्णय त्या सकाळवर सोंपवीतच नाहींत. किती अंशांवर स्पर्धा रद्द होईल आणि पैसे परत कसे मिळतील, हें ते पहिल्याच पत्रकांत छापून टाकतात. सद्‌बुद्धि थंड डोक्यानें आगाऊ लिहून ठेवावी लागते; ऐन वेळीं ती हाताशीं असेलच असें नाहीं.

आतां प्रत्यक्ष सोडण्याची कृति. तिचा आरंभ मासा लागण्यापूर्वींच होतो. बारीक दोरीवर मोठा मासा तास-अर्धा तास खेळवीत बसणें ही पूर्वीं मर्दुमकी मानली जाई. आतां ती आडमुठेपणा समजली जाते. दोरी जाड व बळकट हवी, म्हणजे झुंज मिनिटांत आटोपते. गळाचा उलटा कांटा पक्कडीनें दाबून टाकलेला असावा, म्हणजे तो मांसांतून अलगद निघतो. मासा जाळ्यांत आला कीं त्याला उचलावयाचें नाहीं. जाळें हा त्याचा तात्पुरता हौद समजावा. डोकें पाण्यांत, अंग पाण्यांत, आणि वरून लांब पक्कडीनें गळ काढावा. तो खोल रुतला असेल तर ओढाताण न करतां कातरीनें तोडून टाकावा. गळाची किंमत चार पैसे, माशाची पंधरा वर्षें.

लांबी मोजण्यासाठीं किंवा छायाचित्रासाठीं माशाला वर घ्यावयाचेंच असेल, तर हात प्रथम ओले करावेत. कोरड्या हातांनीं माशाच्या अंगावरचा बुळबुळीत लेप निघून जातो, आणि तो लेप म्हणजे रोगजंतूंविरुद्धचें त्याचें चिलखत. एक हात कल्ल्याच्या झांकणाखालीं, पण कल्ल्याला न लागतां; दुसरा हात पोटाखालीं; मासा आडवा. पाण्याबाहेर कल्ल्यांचे नाजूक पदर एकमेकांस चिकटतात आणि माशाचा श्वास बंद होतो. म्हणून या विद्येंतील गुरु शिष्याला सांगतात, कीं मासा वर उचलतांना आपलाहि श्वास रोखून धर; तुझा जीव घाबरा होईल तेव्हां त्याचाहि झालेला असतो. मग त्याला पाण्यांत सरळ धरावा, शेपटीच्या बुडाशीं हलक्या हातानें आधार द्यावा आणि थांबावें. पुढें-मागें ढकलूं नये. तो स्वतः जोर करून निसटला, म्हणजे आपलें काम संपलें.

पण खरोखर संपलें काय? या विषयांतील सर्वांत अवघड जागा हीच आहे. मासा पोहून गेला एवढें आपल्याला दिसतें. पुढें काय झालें तें दिसत नाहीं. पूर्वीं जिवंत मासा आमिष म्हणून एकाच गळाला लावीत आणि मस्की तो गिळेपर्यंत वाट पाहत. मग गळ पोटांत गेला म्हणून दोरी कापून मासा सोडून देत, आणि सर्वांना वाटे, वांचला बिचारा. विस्कॉन्सिनमध्यें अशा माशांवर नजर ठेवून अभ्यास झाला तेव्हां दिसून आलें, कीं कांहीं मासे थोड्या आठवड्यांत मेले आणि वर्षभरांत बहुतेक सगळेच गेले. म्हणजे सोडणाऱ्याला पुण्याचें समाधान, आणि माशाला सावकाश मरण! म्हणून सुजाण स्पर्धांत जिवंत आमिषाला मज्जावच असतो. आणि स्पर्धेबाहेरहि तें वापरणाऱ्यानें मासा गिळण्यापूर्वींच ओठांत रुतेल अशी गळांची मांडणी करावी, असें आतां शिकवितात. सोडून देणें ही एक कृति आहे, जगणें हा तिचा परिणाम आहे. दोहोंची गल्लत झाली कीं दयेचें नुसतें सोंग उरतें.

आतां दोन आक्षेपांकडे वळूं. पहिला असा, कीं केवळ स्वतःच्या करमणुकीसाठीं एका मुक्या प्राण्याच्या तोंडांत गळ रुतविणें हेंच मुळीं क्रूरपणाचें आहे. या आक्षेपाला पुरतें उत्तर आहे असें मला वाटत नाहीं, आणि तें असल्याचा आव आणणें बरें नव्हे. एवढेंच म्हणतां येईल, कीं त्या सरोवरांचें रक्षण, अंडीं घालण्याच्या जागांची राखण आणि पिलांची जोपासना यांसाठीं जो पैसा व जे श्रम लागतात, त्यांतले पुष्कळसे याच शौकिनांकडून येतात. ज्याला माशाची गरज उरली नाहीं, त्याला बहुधा नदीचीहि आठवण राहत नाहीं.

दुसरा आक्षेप उलट दिशेनें येतो, आणि त्याचा इतिहास अधिक कडवट आहे. ज्यांच्या भाषेनें या माशाला नांव दिलें, त्या ओजिब्वे लोकांनीं १८३७ व १८४२ सालच्या तहांनीं उत्तर विस्कॉन्सिनची भूमि अमेरिकन सरकारला दिली. मात्र तेथें शिकारीचा व मासेमारीचा आपला हक्क राखून ठेवला. पुढें तो हक्क कागदावरच राहिला. १९८३ सालीं अपील न्यायालयानें तो पुन्हा मान्य केला आणि वसंत ऋतूंत, रात्रीं दिवे लावून, भाल्यानें मासे मारण्याची आपली जुनी रीत हे लोक उघडपणें चालवूं लागले. त्यांचा मुख्य मासा वॉलाय नांवाचा. कांहीं मस्कीहि त्यांत असत. तेव्हां सरोवरांच्या कांठांवर जमाव जमूं लागले, शिव्यांचा आणि दगडांचा वर्षाव झाला. आम्ही जपून सोडतों आणि हे मारून खातात, अशी तक्रार त्या जमावांत होती. परंतु वस्तुस्थिति पाहिली, तर प्रत्येक सरोवरामागें किती मासे घ्यावयाचे याची मर्यादा आगाऊ ठरलेली असते आणि कांठावर आणलेला एकेक मासा रोज रात्रीं मोजला जातो. खाण्यासाठीं मारणारा आपला मासा मोजून देतो; खेळण्यासाठीं सोडणाऱ्यानें आपल्या हातून नकळत मेलेले मासे मोजले आहेत काय? सोडण्याच्या रीतीनें मनुष्य दुसऱ्याहून श्रेष्ठ ठरत नाहीं. तो आपल्या हिशेबाला अधिक बांधला जातो.

या हिशेबाचें मोल किती, हें सांगणारें एक उदाहरण आपल्या देशांतलें आणि कांहीं अंशीं आपल्या महाराष्ट्रांतलेंहि आहे. कर्नाटकांत कावेरीच्या कांठीं गालिबोरे येथें महाशीर माशासाठीं गळवाल्यांची छावणी असे. तेथेंहि पकडलेला मासा सोडून देत आणि त्याची नोंद वहींत करीत. त्या नदींतील पाठीवर उंचवटा असलेला महाशीर जगांत इतरत्र कोठेंहि नाहीं. इकडे लोणावळ्याच्या मत्स्यबीज केंद्रांत दख्खनच्या निळसर परांच्या महाशीराचीं पिलें मोठ्या परिश्रमानें वाढविलीं जात आणि १९७० नंतरच्या काळांत तीं, अत्यंत सद्‌हेतूनें, देशांतील अनेक नद्यांत सोडण्यांत आलीं. कावेरीहि त्यांत होती. पुढें शास्त्रज्ञांनीं त्या छावणींतील १९९८ ते २०१२ पर्यंतच्या वह्या तपासल्या. निळसर परांचे मासे संख्येनें वाढत गेले होते, आणि कावेरीचा स्वतःचा उंचवट्याचा महाशीर दिसेनासा होत चालला होता. ही गोष्ट दुसऱ्या कोणत्याहि दप्तरांत नोंदलेली नव्हती. गळवाल्यांच्या वह्यांनींच ती उजेडांत आणली. २०१८ सालीं त्या माशाचें शास्त्रीय नांव निश्चित झालें आणि त्याच वर्षीं अत्यंत संकटग्रस्त जातींच्या यादींत त्याची नोंद झाली. ज्याला नांव मिळण्यापूर्वींच निरोप द्यावयाची वेळ येते, अशा जीवाच्या बाजूनें निदान एक वही तरी बोलली.

तर मग, सोडूनच द्यावयाचा होता तर पकडला कशाला? खरें उत्तर असें, कीं पकडला तो स्वतःच्या आनंदासाठीं; तें झांकण्यांत अर्थ नाहीं. परंतु त्या आनंदाची किंमत मासा भरतो, हें ज्याला कळलें, तो आपल्या वांट्याची किंमतहि भरूं लागतो : हात शिकवून, साहित्य नीट ठेवून, ऊन दिवसांत घरीं बसून, वहींत खरें तेंच लिहून, आणि कोणी पाहत नसतांनाहि नियम पाळून. मासा पाण्याखालीं गेल्यावर साक्षीला कोणीच नसतें. तो उद्यां जगेल कीं नाहीं, हें सोडणाऱ्याच्या दोन मिनिटांतल्या वागणुकीवर ठरलेलें असतें. स्पर्धेचे नियम, पंच आणि बिल्ले यांनीं त्या दोन मिनिटांना वळण लावतां येतें. त्यांच्या पलीकडचें काम ज्याचें त्यानेंच करावयाचें असतें.